घाटमाथ्यावरच्या लहान गावांनी जगावे कशावर? (पन्हाळा, आजरा, चंदगड, गगनबावडा)

घाटवाट

जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली आणि त्या बारांत आपला पन्हाळा आहे. कोल्हापूरकर म्हणून याचा आनंद आहेच. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे आणि तो इथे मांडावासा वाटतो.

पन्हाळा हे जेमतेम तीन हजार वस्तीचे नगरपरिषद असलेले गाव आहे. त्याची बरीचशी कमाई कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीहून शनिवार-रविवारी चढून येणाऱ्या लोकांवर चालते. याउलट आपल्याच जिल्ह्यात आजरा आणि चंदगड ही घाटमाथ्याची गावे आहेत, जिथे पर्यटक तुलनेने कमी जातात, पण तांदूळ, काजू आणि आठवडी बाजार यांवर आसपासची खेडी उभी आहेत. गगनबावडा या दोन प्रकारांच्या मध्ये कुठेतरी येतो, कारण त्याच्याकडे धुके आहे, पाऊस आहे, घाट आहे, पण मुक्कामाला थांबणारा माणूस कमी आहे.

माझे मत असे की, ज्या डोंगरी गावात स्वतःचे काहीतरी पिकते किंवा तयार होते आणि ते विकायला आसपासची खेडी जिथे येतात, ते गाव टिकते. केवळ पाहुण्यांवर जगणारे गाव हळूहळू पाहुण्यांच्याच सोयीचे होते आणि तिथला माणूस बाजूला पडतो. हे मत सर्वांना पटेल असे नाही. ज्यांचे घर, शेती किंवा व्यवसाय अशा गावांत आहे, त्यांनी अनुभवावरून लिहावे, ही विनंती.

रंकाळाकाठ

मत पटले. रविवारी संध्याकाळी पन्हाळ्यावरून उतरणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली की त्या गावातल्या आजारी माणसाला कोल्हापूरच्या दवाखान्यात वेळेत कसे पोहोचवत असतील, याचीच काळजी वाटते.

बुधवारपेठ

घाटवाट, आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या पन्हाळ्यावर आहे.

“केवळ पाहुण्यांवर जगणारे गाव” हे वर्णन बाहेरून पाहिले तर बरोबर वाटते, पण पन्हाळ्याच्या बाजारात येणारा पैसा पन्हाळ्यापुरता राहत नाही. तीन दरवाजा आणि सज्जा कोठीच्या वाटेवर पिठले-भाकरी, ठेचा आणि मडक्यातले दही घेऊन बसणाऱ्या बायकांत खालच्या वाड्या-वस्त्यांतून सकाळी चालत किंवा वडापच्या जीपने वर येणाऱ्या कित्येक जणी आहेत. उन्हाळ्यात त्याच करवंदे आणि जांभळे आणतात, पावसात मक्याची कणसे भाजतात. नाचणा त्यांच्या स्वतःच्या रानातला असतो आणि दही घरच्या म्हशीचे असते. म्हणजे आपण ज्याला शेतीची अर्थव्यवस्था म्हणता आणि ज्याला पर्यटनाची म्हणता, त्या दोन्ही एकाच बुट्टीतून गडावर येतात.

आमची खरी अडचण वेगळी आहे. पन्हाळा हा राहता किल्ला आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून इथे वस्ती आहे. कोल्हापूर संस्थानाची राजधानी 1782 पर्यंत इथेच होती. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगी घेऊनच करता येते. अंबरखाना, अंधार बाव, तीन दरवाजा, सज्जा कोठी अशी स्मारके गडभर विखुरलेली असल्यामुळे या वर्तुळांच्या बाहेर गावठाण फारसे उरतच नाही. घराची भिंत पावसात ढासळली तर ती पुन्हा उभी करण्यासाठीही कागद फिरवावे लागतात. जागतिक वारशाच्या चर्चेच्या काळात गावात जी भीती पसरली, ती नकाराची नव्हती. उद्या आम्हाला इथून उठा म्हणतील का, एवढाच तो प्रश्न होता.

आणखी एक. 2021 च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहने बंद झाली, तेव्हा गावाची कमाई किती कच्च्या पायावर उभी आहे हे आम्ही पाहिले. त्या महिन्यांत ज्यांच्याकडे चार म्हशी किंवा खाली अर्धा एकर भातखाचर होते, त्यांचे घर चालले, आणि ज्यांच्याकडे फक्त भाड्याच्या खोल्या होत्या त्यांना उसनवारी करावी लागली. या एका बाबतीत आपल्या मताला माझा दुजोरा आहे.

दवणा

बुधवारपेठ, अतिशय नेमके लिहिले आहे. पन्हाळ्यापासून हाकेच्या अंतरावर वाडी रत्नागिरी, म्हणजे आपला जोतिबाचा डोंगर आहे, तिथले चित्र याला जोडून पाहावे. तिथे पर्यटक नसून भाविक येतात आणि हा फरक मोठा आहे. चैत्र यात्रेला सासनकाठ्या घेऊन येणारी गावे ठरलेली असतात, त्यांचे उतरण्याचे घर ठरलेले असते, पिढ्यान्‌पिढ्यांचा पुजारी ठरलेला असतो. गुलाल, खोबरे, दवणा, पेढे आणि नारळ यांची उलाढाल ठरावीक घरांत वाटली जाते. भाविक गैरसोय झाली तरी पुढच्या वर्षी येतोच, कारण तो डोंगर पाहायला आलेला नसतो. पर्यटकाला मात्र दुसरे ठिकाण सापडले की तो तिकडे वळतो. म्हणून पाहुण्यांवर जगणारी सगळी गावे एका मापाने मोजू नयेत, असे मला वाटते.

आजऱ्याची माती

आजऱ्याचा उल्लेख झाला म्हणून लिहिते आहे. माहेर आणि सासर दोन्ही आजरा तालुक्यातच असल्यामुळे भाताशी संबंध जन्माचा आहे.

आजरा घनसाळ या तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा वास शिजताना शेजारच्या घरापर्यंत जातो, हे सर्वांना माहीत आहे. पण तो पिकवणे किती अवघड आहे हे फारसे सांगितले जात नाही. हे उंच वाढणारे, उशिरा पिकणारे भात आहे. दाणा भरायच्या वेळी परतीचा पाऊस किंवा वारा आला की पीक आडवे होते आणि पडलेल्या भाताचा दाणा काळवंडतो. संकरित भाताच्या तुलनेत उतारा बराच कमी असतो. रासायनिक खत जास्त दिले तर ते आणखी उंच वाढते आणि लवकर लोळते, त्यामुळे शेणखतावरच भागवावे लागते. शेणखतासाठी जनावरे हवीत आणि जनावरांसाठी घरात माणसे हवीत. आमच्याकडे तरुण माणूस मुंबई-पुण्याला आणि गोव्याला आहे.

मानांकनाने भाव वाढला, हे खरे आहे. पण वाढलेल्या भावाचा किती वाटा शेतकऱ्याच्या पदरात पडला, हा प्रश्न शिल्लक राहतो, कारण घनसाळ म्हणून विकला जाणारा सगळाच तांदूळ घनसाळ नसतो. मिश्रण झाले की खऱ्या मालाचाही भाव पडतो. काळा जिरगा हे आमचे दुसरे सुवासिक भात आहे. त्याची तर त्याहून वाईट स्थिती आहे, कारण ते आता थोड्याच घरांत, स्वतःच्या सणावारापुरते लावले जाते.

तेव्हा घाटवाट, आपण आजऱ्याला “टिकणारे गाव” म्हटले त्याबद्दल आनंद वाटला, पण ते आपोआप टिकलेले नाही. ज्या घरातली सून आणि सासू दोघी भर पावसात रोप लावणीला चिखलात उभ्या राहतात, त्या घरामुळे ते टिकले आहे.

कासारीतीर

ताई, एक शंका आहे. घनसाळ आजऱ्याबाहेर लावला तर वास कमी होतो असे ऐकले आहे. त्यात तथ्य आहे का?

आजऱ्याची माती

आमच्याकडे तसा अनुभव सांगतात. दाणा भरण्याच्या काळात रात्री हवा थंड असली की सुवासिक भाताचा वास चांगला उतरतो, आणि आमच्या भागात त्या वेळी तशीच हवा असते. जमीन आणि पाणी यांचाही वाटा असणार. म्हणूनच मानांकन गावाच्या नावाने दिले जाते.

चंदगडी

आता चंदगडचे ऐका. आमच्याकडे घाट उतरला की कोकण, दुसऱ्या बाजूला बेळगाव, आणि कोल्हापूर शहर लांब. त्यामुळे आमचा बाजार, दवाखाना आणि सोयरीक यांचा ओढा पूर्वीपासून बेळगावकडे राहिला आहे आणि बोलीतही कानडी-कोकणी ऐकू येते. जिल्ह्याचे ठिकाण दूर असल्याचा एक फायदा असा झाला की आम्ही कोणाची वाट न पाहता आपापले उद्योग उभे केले. त्यांत पहिला क्रमांक काजूचा.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत काजू बी गोळा होते. ती वाळवायची, वाफवायची, यंत्रावर एकेक करून फोडायची, गर सुकवायचा, वरची तांबडी साल काढायची आणि मग अखंड गर, पाकळी आणि तुकडा अशी प्रतवारी करायची, हा सगळा क्रम गावोगावच्या लहान कारखान्यांत चालतो. बी फोडण्याचे आणि साल काढण्याचे काम बहुतेक बायका करतात. टरफलातले तेल हाताला लागले तर कातडी जळते, म्हणून त्या हाताला राख किंवा खाण्याचे तेल लावून बसतात. मजुरी बहुधा वजनावर असते. घराजवळ, सावलीत, मुलांच्या शाळेच्या वेळेत बसणारे काम म्हणून बायकांना ते सोयीचे वाटते. पण त्याच कामाने हातांची साले निघतात हेही लिहिले पाहिजे.

इथे एक पेच आहे. स्थानिक बी तीन-चार महिनेच मिळते आणि कारखाना वर्षभर चालवायचा तर आफ्रिकेतून येणारी बी घ्यावी लागते. ती बी ऐन हंगामात बाजारात आली की आमच्या शेतकऱ्याच्या बियेचा भाव खाली येतो. म्हणजे कारखानदार आणि बागायतदार हे एकाच गल्लीतले, कधी कधी एकाच घरातले असतात आणि दोघांचे हित मात्र उलटे असते. बोंडूचे, म्हणजे काजूच्या फळाचे, तर विचारूच नका. पलीकडे गोव्यात त्याची फेणी होते. आमच्याकडे बराचसा झाडाखाली कुजतो. त्याचे सरबत, सिरप किंवा पशुखाद्य करण्याचे प्रयत्न होतात, पण बोंडू तोडल्यावर फार काळ टिकत नाही, त्यामुळे प्रक्रिया बागेच्या जवळच व्हायला हवी आणि तिथेच गाडी अडते.

गेल्या दोन दशकांत कर्नाटकातून हत्ती येऊ लागले. काजूची बाग, केळी, माड आणि भात एका रात्रीत जाते. गवे तर कायमचेच. नुकसानभरपाई मिळते, पण झाड नव्याने लावून फळाला यायला जी वर्षे जातात, ती कोण भरून देणार? पर्यटकांना गवा दिसला की आनंद होतो. आमच्या शेतकऱ्याला तो दिसला की रात्र जागून काढावी लागते.

रंकाळाकाठ

चंदगडी, आपल्या तालुक्यातल्या पारगडाबद्दलही थोडे लिहा. तिथे अजून लोक राहतात ना?

चंदगडी

राहतात. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा याच्याकडे शिवाजी महाराजांनी पारगडाची किल्लेदारी दिली आणि त्या वेळच्या सैनिकांचे वंशज आजही गडावर आहेत. पण गडावरची अनेक घरे वर्षातला बराच काळ बंद असतात, कारण कर्ती माणसे मुंबईत किंवा बेळगावात आहेत. सणाला आणि जत्रेला गड भरतो. वारसा राखायचा असेल तर गडावर राहणाऱ्या माणसाला गडावर राहणे परवडले पाहिजे. बुधवारपेठ यांनी पन्हाळ्याबद्दल जे लिहिले, त्याचा पारगडावर अर्थ असा निघतो.

आंबाघाट

या धाग्यातील पर्यटनविरोधी सूर मला मान्य नाही. शाहूवाडी तालुक्यात आंबा गावाच्या परिसरात गेल्या काही वर्षांत घरगुती निवासाची सोय करून अनेक कुटुंबे गावातच राहिली आहेत. मलकापूरच्या बाजारात या घरांसाठी भाजी, कोंबडी आणि तांदूळ घेतला जातो. पावनखिंडीच्या वाटेवर दरवर्षी जुलैमध्ये पन्हाळ्यावरून चालत येणाऱ्या तरुणांचे गट वाटेतल्या वाड्यांमध्ये मुक्काम करतात. 1660 मध्ये महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेने निसटले, त्या वाटेवरची गावे आज त्या इतिहासामुळे चार पैसे मिळवत असतील तर त्यात वाईट काय आहे?

प्रश्न पर्यटन असावे की नसावे हा नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या तर पैसा गावात राहतो. त्यानेच डोंगरउताराची जमीन शहरातल्या गुंतवणूकदाराला विकली तर एकदाच रक्कम हातात येते, ती घर, लग्न आणि गाडी यांत जाते, आणि मग तोच माणूस त्याच जमिनीवरच्या बंगल्याचा राखणदार होतो. हे मी आमच्या भागात पुन्हा पुन्हा पाहतो आहे.

हिरण्यकेशी

आंबाघाट यांच्या जमिनीच्या मुद्द्याला आंबोलीचे उदाहरण जोडते. आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात असली तरी पावसाळ्यात तिथे कोल्हापूरचीच गर्दी अधिक असते. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे चालत आला. जमीन कसणाऱ्याच्या नावावर वैयक्तिक उतारा नाही, म्हणून बँकेचे कर्ज नाही, सरकारी योजना नाही, घरगुती निवास अधिकृतपणे काढायचा तरी कागद नाही. त्यामुळे स्थानिक माणूस धबधब्याखाली कणसे आणि चहा विकण्यापुरताच राहिला. राज्यात सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडणारे, हिरण्यकेशी नदीच्या उगमावर जगात नवा ठरलेला मासा सापडलेले गाव, आणि त्याची ओळख मात्र पावसाळ्यातल्या दोन महिन्यांच्या धांगडधिंग्याची व्हावी, याचे फार वाईट वाटते.

सडा_आणि_पाऊस

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. वरच्या सर्व चर्चेत ज्या जमिनीवर ही गावे उभी आहेत, तिच्याबद्दल थोडे लिहायला हवे, कारण तिथला पैसा शेवटी तिच्यावरच ठरतो.

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. इतक्या पावसाने लाखो वर्षे धुतल्यामुळे घाटमाथ्यावरच्या बेसाल्टमधली सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहून जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारे, तयार झाले. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार हा असाच सडा आहे. वर मातीचा थर अगदी पातळ असतो. त्यामुळे तिथे झाड वाढत नाही, पण पावसाळ्यात सीतेची आसवे, कवला, तेरडा आणि गेंद यांचे ताटवे फुलतात. पाणी सच्छिद्र जांभ्यात मुरते आणि खाली चिकणमातीच्या थराला अडून सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. धनगरवाडे नेमके त्या झऱ्यांच्या काठी आहेत.

आता याच जांभ्यात जिथे ॲल्युमिनियम अधिक, तिथे बॉक्साइट आहे. शाहूवाडी आणि राधानगरी तालुक्यांत त्याच्या खाणी झाल्या. खाणीने काही वर्षे ट्रक, मजुरी आणि रस्ता मिळतो. पण सडा उकरला की पाणी मुरवणारा थरच जातो आणि खालच्या वाडीचा झरा उन्हाळ्यात लवकर आटतो. भरपाईच्या कोणत्याही हिशेबात झरा धरलेला मी पाहिलेला नाही.

फुलांच्या पर्यटनातही धोका आहे. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समावेश झाला, त्यानंतर लोकांचे लोंढे आले आणि फुले पायाखाली तुडवली गेली. पुढे दररोजच्या पर्यटकांवर मर्यादा आली, शुल्क आले आणि आसपासच्या गावांच्या समित्यांतील तरुण वाट दाखवण्याचे व राखणीचे काम करू लागले. त्यातून गावाला उत्पन्न मिळाले. मसाई पठारावर मात्र आजही गाड्या थेट सड्यावर नेल्या जातात. चाकाने दबलेल्या त्या पातळ मातीत पुढच्या वर्षी फूल येत नाही. तिथे वाहन खालीच थांबवून वर चालत जाण्याचा नियम करावा आणि ते काम जवळच्या वाड्यांकडे द्यावे, असे मला मनापासून वाटते.

मोरया_पन्हाळकर

विषय थोडा मागे नेतो, पण सोडत नाही. पन्हाळ्याला केवळ लष्करी ठाणे म्हणून पाहू नये. कवी मोरोपंतांचा जन्म 1729 मध्ये इथलाच. आणि ज्याला आज आपण पर्यायी अर्थव्यवस्था म्हणतो, तिचा विचार राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच केला होता. पन्हाळ्याच्या परिसरात त्यांनी चहा आणि कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करवले होते. घाटमाथ्याचा पाऊस आणि थंड हवा यांचा उपयोग तिथल्या माणसाला वर्षभर काम देण्यासाठी करावा, ही त्यामागची दृष्टी होती. 1895 मध्ये शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ वसवली तीही त्यांनीच, म्हणजे पिकाबरोबर त्याची पेठही उभी केली पाहिजे हे त्यांना नेमके ठाऊक होते. राधानगरी धरणाचे काम 1909 मध्ये सुरू झाले आणि 1957 मध्ये पूर्ण झाले. आज आपल्या शेतांत जो ऊस उभा आहे, त्याच्या मागे डोंगरातले ते पाणी आहे.

चहा-कॉफी पुढे का रुजली नाही, यावर जाणकारांनी लिहावे.

सडा_आणि_पाऊस

मोरया, एक कारण हवामानाचे असू शकते. आपल्याकडे चार महिन्यांत सगळा पाऊस पडतो आणि नंतरचे महिने कोरडे जातात. चहाला पाऊस वर्षभर विभागून लागतो. आसाम किंवा निलगिरीत तो तसा मिळतो. विदर्भात चिखलदऱ्याला कॉफी टिकली, पण तिथेही ती मोठा व्यवसाय होऊ शकली नाही.

गगनगिरी_पायथा

गगनबावड्याबद्दल कोणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. आमचे गाव रस्त्याचे गाव आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट आमच्यापासून कोकणात उतरतात आणि चहा, वडा, पंक्चर, जेवण हा गावाचा मोठा धंदा आहे. 2024 च्या जानेवारीत करूळ घाट दुरुस्तीसाठी बंद झाला आणि एक वर्षाहून अधिक काळ बंद राहिला. जड वाहने दुसऱ्या वाटांनी गेली. रस्त्यावरची हॉटेले ओस पडली, काहींनी कामगार घरी पाठवले. रस्ता रुंद व्हायला हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण रुंद झालेल्या रस्त्यावरून गाडी आता थांबेल की सरळ निघून जाईल, याची धास्ती आहे.

शेतीचे म्हणाल तर भात आहे, थोडा ऊस आहे, बाकी डोंगर. घरटी एक माणूस मुंबईला, हे आमच्याकडचे जुने गणित. पूर्वी गिरणीत जात, 1982 च्या संपानंतर हॉटेलात, माथाडीत, चालक म्हणून जाऊ लागले. घाटवाट, आपण विचारता गाव जगते कशावर. आमच्यासारख्या गावांत पोस्टाने येणाऱ्या पैशावर पिढ्या वाढल्या आणि आज तो पैसा मोबाइलवर येतो. ही कमाई ना पर्यटनात धरली जाते ना शेतीत, पण गावातले प्रत्येक पक्के घर तिच्यावर उभे आहे.

कासारीतीर

हा मुद्दा फार मोलाचा आहे. आमच्याही गावात तेच आहे.

धनगरवाट

धनगरवाड्यांचा उल्लेख वर आला. आमचे वाडे पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी अशा सगळ्या डोंगरांत आहेत आणि आमच्या पूर्वजांचा व्यवहार दूध, तूप आणि म्हशींचा होता. अभयारण्य आणि संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर झाली, तशी चराईची जागा कमी झाली. दाजीपूरच्या जंगलाचे महत्त्व आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही, ते आमच्या देवांचे रान आहे. पण अनेक वाड्यांपर्यंत आजही धड रस्ता नाही आणि आजारी माणसाला डालग्यात किंवा झोळीत घालून खाली आणावे लागते. जिथे इतका पाऊस पडतो, तिथल्या बायका एप्रिल-मेमध्ये दोन हंडे पाण्यासाठी उतरण उतरतात.

गावांच्या मोठ्या कार्यक्रमांत आमच्या गजनृत्याला बोलावतात. ढोल वाजला की टाळ्याही पडतात. त्याबरोबर आमचे तूप योग्य भावात विकले जाईल अशी पन्हाळ्यावर किंवा राधानगरीत एखादी कायमची जागा मिळाली तर जास्त बरे होईल.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. आता प्रश्न नव्या शब्दांत मांडतो. पिकणारे गाव आणि पाहुण्यांचे गाव अशी विभागणी करण्याऐवजी गावात आलेला रुपया गावातल्या किती घरांतून फिरून मग बाहेर जातो, हे पाहायला हवे. बुधवारपेठ यांनी सांगितलेली भाकरीची बुट्टी, चंदगडी यांचा काजू कारखाना आणि धनगरवाट यांचे तूप हे तिन्ही या एकाच कसोटीवर तपासता येतात. आंबाघाट यांनी जमिनीचा मुद्दा मांडला, तोही याच कसोटीत बसतो.

दुसरी गोष्ट कोल्हापूर शहराच्या जबाबदारीची. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या घाटमाथ्यावरून उतरून प्रयाग चिखलीला पंचगंगा होतात. 2023 पासून शहरात थेट पाइपलाइनने येणारे पाणी काळम्मावाडी धरणाचे आहे. 2019 आणि 2021 मध्ये शहर पुरात बुडाले, तेही त्याच डोंगरांतल्या पाण्याने. वरच्या सड्यांची आणि रानांची राखण जी माणसे करतात, त्यांना शहराने काही देणे लागते. पाणीपट्टीतला लहानसा वाटा झरे राखणाऱ्या वाड्यांना देता येईल का, यावर विचार व्हावा.

आंबाघाट

पाणीपट्टीची कल्पना चांगली आहे, पण तो वाटा ग्रामपंचायतीकडे जावा. वनखात्याकडे गेला तर कुंपणात खर्च होईल.

सडा_आणि_पाऊस

आणि तो कोणत्या झऱ्यासाठी, याची नोंद आधी व्हायला हवी. प्रत्येक वाडीने आपापले झरे, ते कोणत्या महिन्यापर्यंत वाहतात आणि पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असत, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढले तर पुढचे काम सोपे होईल. महाविद्यालयातील विद्यार्थी यासाठी येऊ शकतात. धनगरवाट, आपल्या वाड्यापासून सुरुवात करता येईल का?

धनगरवाट

अवश्य या. पाऊस उघडल्यावर या, म्हणजे वाट नीट दिसेल. आमच्या आजोबांना सगळे झरे नावानिशी माहीत आहेत.

बुधवारपेठ

आजऱ्याच्या ताईंना एक व्यवहाराचा प्रश्न विचारतो. आमच्या ओळखीच्या चार-पाच खाणावळी जेवणात आजऱ्याचा घनसाळ आणि पन्हाळ्याच्या पायथ्याचा नाचणा वापरायला तयार आहेत. पाट्यांवर गावाचे नाव लिहू. पण दर परवडला पाहिजे आणि माल खात्रीचा हवा. थेट शेतकऱ्यांकडून घेण्याची काही सोय आहे का?

आजऱ्याची माती

आहे, आणि विचारलेत याचा आनंद झाला. नवे भात दिवाळीनंतर घरात येते, पण लगेच भरडलेला तांदूळ चिकट होतो, म्हणून एक-दोन महिने थांबून घ्या. पॉलिश न केलेला मागा, कारण पॉलिश केला की मिश्रण ओळखता येत नाही. आमच्या बचत गटातल्या बायका भात घरी ठेवतात आणि मागणी आली तशी गिरणीतून काढून देतात. दर आम्ही पिकवणाऱ्या घरांनी बसून ठरवलेला असतो आणि तो सगळ्यांना एकच असतो. किती किलो, कोणत्या महिन्यापासून, हे लावणीच्या आधी कळवलेत तर तेवढ्या क्षेत्रात आम्ही घनसाळच लावू, दुसरे भात लावणार नाही. मेअखेरपर्यंत कळवा, कारण त्यानंतर तरवा, म्हणजे भाताची रोपे, टाकायची वेळ होते.